ब्रेकवरचा पाय

धम्मदीप माझा मावसभाऊ. शाळेत गणित शिकवतो आणि दोन अधिक दोन चार यापलीकडे त्याचा कशावर विश्वास नाही. म्हणून ही हकीकत मी त्याच्या शब्दावर सांगतोय, आणि शेवटचा भाग माझ्या डोळ्यांनी पाहिलेला. कुणाला पटली नाही तरी हरकत नाही. खोटी निघाली तर सर्वांत जास्त आनंद मलाच होईल.

मागच्या नोव्हेंबरातला रविवार. दुपारचे तीन. रत्नागिरीजवळ गोळपला त्याच्या घरासमोरचं अंगण.

हो, दुपारच. भुतांना घड्याळ नसतं.

त्याच्या बायकोला, श्रुतीला, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. एसटीचे धक्के तिला सोसवेनात, म्हणून त्याने सेकंडहँड गाडी घेतली.

गाडी ठीक होती. फक्त ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटला उजव्या टाचेपाशी भोक पडलं होतं.

आणि ब्रेक पॅड टिकत नव्हते.

पाच महिन्यांत दोन जोड संपले. तिसऱ्या वेळी तर चाकामागच्या लोखंडी डिस्कलाही चर पडले.

"सर, तुम्ही पाय ब्रेकवर ठेवूनच गाडी हाकता काय ओ?" गुणाजी मेकॅनिकने विचारलं. "डिस्कपण बदलायला लागतील. सोमवारी गाडी सोडा, बुधवारी देतो."

म्हणजे मंगळवार बुडणार. एक खेप बुडली की श्रुतीला धाप लागते. धम्मदीपने सामान घेतलं आणि रविवारी घरीच करायचं ठरवलं.

शेजारच्या तुळसाकाकी दगडी गडग्यापलीकडून म्हणाल्या, "गाडीवरून नारळ उतरव रे. देवापुढे दोन शब्द बोलून गाऱ्हाणं घाल."

"काकी, आमच्यात गाऱ्हाणं घालत नाहीत."

"बरं," म्हणून काकी आत गेल्या.

त्याने मागची चाकं सरकू नयेत म्हणून दगडांची ओट लावली. पुढची बाजू जॅकवर उचलून चिऱ्यावर टेकवली. उजवं चाक काढलं. पॅड धरणारा कॅलिपर सोडवून बाजूला बांधला आणि जुन्या डिस्कला हात लावला...

चर्रकन बोट भाजलं.

गाडी शनिवार दुपारपासून जागची हलली नव्हती. उभी होती फणसाच्या गार सावलीत.

दुसरा कुणी असता तर उठून पळाला असता. पण हॉस्पिटल, शाळा, स्वयंपाक... तो इतका दमला होता की घाबरायलाही त्याच्यात त्राण नव्हतं. त्याने बोट पाण्यात बुडवलं, फडकं घेतलं आणि डिस्क उतरवली.

नवी डिस्क बसवली. नवे पॅड बसवले. मग डिस्क हाताने फिरवून पाहिली.

सर्र... सर्र... सर्र...

खट्ट.

थांबली. परत फिरवली, हलेना.

त्याने मान वर केली. गाडीच्या मागे गडग्यावर लाल उजेड पडला होता. ब्रेक दाबल्यावर पडतो तसा.

"श्रुती, पाय काढ बघू ब्रेकवरचा."

"कोणाशी बोलताय ओ?"

श्रुतीचा आवाज माजघरातून आला.

तो उठला. गाडीचं दार उघडून आत पाहिलं. सीट रिकामी होती.

ब्रेकचं पेडल मात्र पार खाली गेलेलं. त्याने हाताने वर ओढून पाहिलं... तसूभर हललं नाही. नुसतं थरथरत होतं.

कुणीतरी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबून बसलं होतं.

अजूनही.

धम्मदीप तिथेच जमिनीवर बसला. त्याला रडू आलं. त्या कुणासाठी जास्त की स्वतःसाठी, ते त्यालाही कळलं नाही.

"सोड रे बाबा आता," तो म्हणाला. "व्हायचं ते होऊन गेलं. मला मंगळवारी हिला न्यायचंय. सोड."

कितीतरी वेळ काही झालं नाही.

मग पेडल सावकाश वर आलं. गडग्यावरचा लाल उजेड गेला.

मंगळवार चुकला नाही. चार महिने झाले, पॅड नव्यासारखे आहेत. "सर, पाय सुधारला तुमचा," गुणाजी म्हणाला.

गेल्या शनिवारी मी त्यांच्यासोबत होतो, मागच्या सीटवर. हॉस्पिटलमधून परतताना श्रुतीवहिनी पुढे डावीकडे झोपल्या होत्या. डायलिसिसनंतर त्यांना मान धरवत नाही. भाट्याचा पूल ओलांडला. पुढचं वळण आलं...

वहिनींचा उजवा पाय उचलला गेला आणि मॅटवर दाबला गेला. सगळी ताकद लावून. गुडघा थरथरत होता.

डोळे मिटलेले होते.

धम्मदीपने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"पोटरी फार दुखते ओ," घरी उतरताना त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणतात, डायलिसिसने पेटके येतात. येत असतील. पण नेहमी एकाच पायाला?

त्या आत गेल्यावर मी वाकून त्यांच्या बाजूचं मॅट पाहिलं. उजव्या टाचेपाशी झिजून भोक पडलं होतं.

तेव्हा धम्मदीपने मला हे सगळं सांगितलं. तुळसाकाकींनाही तो विचारून आला होता.

"गाऱ्हाण्यात वाट सांगायची असते रे," काकी म्हणाल्या होत्या. "आल्या वाटेनं जा, म्हणायचं. नुसतं सोड म्हटलंस, तर ते जाईल कुठं?"

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी गाडीपाशी उभा राहतो आणि जमेल त्या शब्दांत वाट सांगतो. अजून कुणी ऐकलेलं दिसत नाही.

आत्ता त्याचा फोन आला होता. वहिनींनी आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. काल रात्री झोपेत त्या स्पष्ट म्हणाल्या...

"ब्रेक लागत नाही."

उद्या मंगळवार आहे.