मेजपोशाखालची फट

एफ्राइम बायलरच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले तो प्रार्थनेचा रविवार नव्हता, मधला होता; आमच्यात प्रार्थना एक रविवार सोडून असते. मी तेव्हा चोवीस वर्षांची, शाळेत शिकवणारी. आमच्या लोकांत म्हणजे लग्नावाचून जवळजवळ राहून गेलेलीच. एफ्राइम घोड्यांचे साज बनवायचा, कमी बोलायचा, आणि मला तो आवडायचा. लग्न नोव्हेंबरात करायचं आमचं आपापसांत ठरलं होतं. गावाला अजून कळायचं होतं.

त्याच्या आईने, सेडीकाकूंनी, कोंबडी, नूडल्स, कुस्करलेले बटाटे आणि काकवीचा केक केला होता. मी पाण्याचा जग टेबलावर ठेवायला गेले तर मेजपोश मध्येच खचला. हाताने चाचपलं. खाली चार बोटांची फट होती. एक मोठं टेबल, त्याला लागून एक छोटं, आणि दोन्हींवर मिळून एकच पांढरा मेजपोश.

याचा अर्थ आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. घरातलं कुणीतरी वाळीत आहे. बाप्तिस्मा घेऊन शब्द मोडला की मंडळी वाळीत टाकते. मग त्या माणसासोबत एका टेबलावर जेवायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही; घेतलं तर आपणही वाळीत. त्याने वाटी खाली ठेवायची, हात मागे घ्यायचा, मग आपण उचलायची. पण आईला आपलं पोर कोपऱ्यात एकटं जेवताना बघवत नाही. म्हणून ती फट ठेवते आणि वर मेजपोश घालते. नियमही राहतो आणि घरही राहतं.

छोट्या टेबलावर एक ताट होतं, कप होता, खुर्ची होती. खुर्चीवर कुणी नव्हतं. मी काही विचारलं नाही. पहिल्याच जेवणाला असले प्रश्न विचारण्याइतकी मी आगाऊ नाही.

सेडीकाकूंनी त्या ताटातही वाढलं. जेवणानंतरच्या मूक प्रार्थनेसाठी आम्ही माना खाली घातल्या. कुणीतरी काटा ठेवल्याचा आवाज आला. रूबेनकाका, म्हणजे एफ्राइमचे वडील, खाकरले, तशा आम्ही माना वर केल्या. त्या ताटातली कोंबडी संपली होती. हाडं एका कडेला नीट रचलेली होती.

मी मांजर शोधलं. त्यांच्याकडे मांजर होतं, पण ते गोठ्यात होतं. आणि मांजर काही हाडं रचून ठेवत नाही.

परत जाताना बग्गीत मी एफ्राइमला विचारलं, "वाळीत कोण आहे तुमच्याकडे?"

"आयझॅक."

आयझॅक त्याचा थोरला भाऊ. मी लहान होते तेव्हाच तो ओहायोला गेला, एवढंच मी ऐकलं होतं.

"तो तर ओहायोत आहे ना?"

"लोक म्हणतात खरं."

"मग गेलाय कुठं?"

एफ्राइमने लगाम सैल सोडला. घोड्याला रस्ता पाठ होता. "तो गेला असं आमच्यापैकी कुणी सांगितलं का तुला?"

मला भीती वाटायला हवी होती. मला काहीच वाटलं नाही. हिवाळ्यात हातमोजे विसरून दूध काढायला बसावं आणि थोड्या वेळाने बोटं आपली वाटेनाशी व्हावीत, तसं काहीसं झालं होतं.

त्यानंतर मी बरेचदा गेले. दर वेळी ताट रिकामं व्हायचं. खुर्ची मी स्वतः आत सरकवून ठेवली तरी जेवणानंतर ती जरा बाहेर असायची. एकदा मी प्रार्थनेत मुद्दाम डोळे उघडे ठेवले. समोर फक्त मेजपोश दिसला, आणि छोट्या टेबलाकडची त्याची कड कुणाच्या तरी मांडीवरून पडावी तशी पडलेली दिसली. मी डोळे मिटून घेतले.

ऑक्टोबरात सेडीकाकू आणि मी सफरचंदं सोलत बसलो होतो. "वसंतात आम्ही दोघं मागच्या छोट्या घरात जाऊ," त्या म्हणाल्या. "हे घर तुमचं. टेबलं मात्र आहेत तशीच राहतील हो. तिसरं ताट तुला मांडावं लागेल."

"कधीपर्यंत, काकू?"

"तो कबूल होईपर्यंत. चारचौघांपुढे गुडघे टेकून चुकलो म्हटलं, की वाळीत राहत नाही माणूस."

"आणि तो नाहीच म्हणाला तर?"

"सालं जाड काढतेस गं तू," त्या म्हणाल्या. "मास्तरीणबाई आहेस हे कळतं."

मी हो म्हटलं. एफ्राइम हवा होता म्हणून हो म्हटलं. एक जास्तीचं ताट तर मांडायचं, त्यात एवढं काय, असंही मनाला सांगितलं.

लग्न जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी मला पुन्हा जेवायला बोलावलं. दुपार होती, चांगलं ऊन होतं. रूबेनकाकांची मिशनऱ्यांच्या पत्रिकेवर टीका चालली होती. या वेळी सेडीकाकूंनी मला टेबलाच्या टोकाला बसवलं, एफ्राइमच्या डावीकडे. मी पोरांच्या सहामाहीच्या गणितांचा विचार करत होते.

डावीकडून पावाची टोपली आली. मी घेतली, एक तुकडा काढला, आणि टोपली एफ्राइमपुढे धरली.

त्याने ती घेतली नाही.

रूबेनकाका बोलायचे थांबले. सेडीकाकूंचा डाव हवेत राहिला.

मग मला कळलं की माझ्या डावीकडे फट होती, आणि फटीपलीकडे फक्त ते छोटं टेबल.

"खाली ठेव, पोरी," रूबेनकाका म्हणाले.

मी टोपली खाली ठेवली आणि हात मागे घेतला. मग एफ्राइमने ती उचलली.

सेडीकाकू उठून माझ्यामागे आल्या. त्यांनी मला हात लावला नाही. कानाशी वाकून अगदी हळू विचारलं, "कसा होता गं त्याचा हात? गार होता?"

मी आठवून पाहिलं. बोटांना बोटं लागली होती. "नाही काकू. उबदार होता."

त्यांनी एप्रन तोंडाशी धरला. किती वर्षं त्या बाईने पोराच्या हाताला हात लावला नव्हता. मला त्यांची दया आली. त्या महिन्यात मनात उमटलेली तेवढी एकच भावना.

"मी बिशपना सांगते," मी म्हटलं. "गुडघे टेकते. चुकून झालं म्हणते."

"कुणाच्या हातून घेतलंस म्हणून सांगशील?" रूबेनकाकांनी विचारलं. "आयझॅकचं नाव घेतलंस की विचारतील तो कुठंय. मग आम्ही काय सांगायचं?"

मी एफ्राइमकडे पाहिलं. तो जेवत होता.

दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेला गेले नाही. नाव जाहीर होतं त्या दिवशी मुलगी घरीच थांबते, आणि नाव वाचून झालं की मुलगा उठून थेट तिच्याकडे जेवायला येतो. घरचे सगळे प्रार्थनेला गेले होते. मी भाजलेलं मांस आणि सेलरीची भाजी केली. दोन ताटं मांडली.

एफ्राइम आला. चेहरा उजळलेला होता. "वाचलं नाव," तो म्हणाला. "सगळे वळून वळून बघत होते माझ्याकडे. पोरं तर चिमटे काढत होती."

मी कॉफीचा कप पुढे केला. तो माझ्याकडे हसून बघत राहिला. मी कप टेबलावर ठेवला. मग त्याने घेतला.

"एफ्राइम, तिसरं कुणी नाहीये इथं. आपण दोघंच आहोत."

"माहितेय."

"आणि लग्नात? बिशप आपले हात एकमेकांच्या हातात देतील तेव्हा?"

त्याने आपलं ताट उचलून कडेच्या मेजावर नेलं आणि मांसाचा तुकडा नीट कापला. "आई म्हणते, मध्ये रुमाल धरू. डोळे पुसायला घेतलाय असं वाटेल लोकांना." मग तो म्हणाला, "मला तू आवडतेस, सलोमा. पण मंडळीला शब्द दिलाय मी."

तो खोटं बोलत नव्हता. तेच वाईट होतं.

जेवण झाल्यावर तो घोड्याला पाणी दाखवायला अंगणात गेला. खिडकीतून मला तो दिसत होता, बादली धरून उभा. मी गरम पाण्यात ताटं घासायला लागले. एक विसळलं की डावीकडे द्यायचं, दुसरं घ्यायचं. आई रोज तिथे पुसायला उभी असते, त्यामुळे हाताला सवय आहे.

शेवटचा कप देताना माझ्या लक्षात आलं की आई घरात नाही. मी वळून पाहिलं नाही. कप तसाच पुढे धरून उभी राहिले.

उबदार बोटांनी तो माझ्या हातून घेतला.