एका टाकीतले तारामासे

"ही बादली कुणाला द्यायची?"

प्रयोगशाळेच्या दारात एक पाणबुड्या उभा होता, नखशिखांत ओला. बादलीत बारा तारामासे. ज्यांच्यासाठी आणले ते सर रजेवर, म्हणून सही त्यांच्या हाताखालच्या संशोधिकेनं, तिनं केली. सही करताना त्याच्या केसांतलं पाणी वहीवर टपटपलं आणि तिला मुळीच राग आला नाही... तिथंच सगळं बिनसलं.

मग दर आठवड्याला बादली, आणि बादलीपेक्षा गप्पाच जास्त.

"मॅडम, यांना अंडी टाकायची वेळ कोण सांगतं?"

"यांचे मज्जातंतू एक रसायन सोडतात. ते अंडाशयाला दुसरं बनवायला लावतं. दुसरं तयार झालं की अंडी पिकतात, बाहेर पडतात. मी ते दुसरंच सुईनं टोचते."

"माणसांसाठी नाही का अशी सुई? एकजण दोन महिने नुसत्या बादल्याच वाहतोय."

ती घाईघाईनं सूक्ष्मदर्शकात बघू लागली. खाली काच ठेवलेलीच नव्हती.

शनिवारी मोठे साहेब तिचा प्रयोग बघायला येणार होते. ठरल्या वेळी, ठरल्या मादीची अंडी दिसली तर कामाची मुदत वर्षभर वाढणार, ती इथेच राहणार. नाहीतर घरी, तसा शब्दच तिनं दादाला दिला होता. पाणबुड्याला हे ठाऊक होतं. तारामासे वेगवेगळ्या टाक्यांत ठेवायचे, हेही ठाऊक होतं. का, ते मात्र तिनं सांगितलं नव्हतं. थट्टामस्करीत राहूनच गेलं.

शनिवारी सकाळी ती आली तर बाराही एकाच टाकीत, आणि पाणी दुधासारखं पांढरं.

"एकेकटे पडले होते गं," तो म्हणाला. "म्हटलं, एक रात्र तरी सोबत असू देत."

एकानं सुरुवात केली असणार. पाण्यात जे मिसळलं त्यानं बाकीचे चेतले आणि सगळे रिकामे झाले. तरीही तिनं प्रत्येकाला सुई टोचली. चाळीस मिनिटं घड्याळ बघितलं. काही म्हणजे काही नाही. पाण्यातली अंडी कुणाची, कधीची, सांगता येईना. साहेब म्हणाले, "पुढच्या हंगामात बघू," आणि चहा न घेताच गेले. तिला पुढचा हंगाम नव्हता.

संध्याकाळी ती खोकी बांधत होती. तो दोरी धरून होता.

"आज सगळं नीट झालं की बोलणार होतो मी..."

"मग बोल."

"कुठल्या तोंडानं?"

तिनं गाठ मारली. "मीच बोलते. माझं प्रेम आहे तुझ्यावर. पहिल्या दिवसापासून."

त्यानं मान वर केली. डोळ्यांत वेडी आशा होती, आणि ती तिला बघवेना.

"तरी मी जाणार. तुझ्यावर राग नाही रे, खरंच नाही. पण तुझ्याकडे बघितलं की... मला माझं गेलेलं कामच दिसतं. आज दिवसभर प्रयत्न करून बघितला. जमत नाही."

त्यानं खोकं उचललं, खाली गाडीपर्यंत नेलं, आणि तिला पुन्हा आपल्याकडे बघावं लागू नये म्हणून तो मागच्या दारानं निघून गेला.