पुसलेली भिंत

आर्किटेक्चरची मुलं भिंती फार सहज पाडतात. प्रत्यक्षात एक वीट हलवायची म्हटलं तर गवंडी शोधा, धूळ खा, शेजाऱ्यांची बोलणी खा. संगणकावर मात्र भिंतीवर टिचकी मारायची, डिलीटचं बटण दाबायचं, की झालं. सिद्धीनेही त्या रविवारी दुपारी एक भिंत अशीच पाडली, आणि तीसुद्धा डब्यातली पोळी खाता खाता.

तिचं कॉलेज बंगळूरबाहेर, आनेकलच्या रस्त्यावर, एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत होतं. शेवटच्या वर्षाला सुब्बाराव सरांनी सगळ्यांना एकच प्रकल्प दिला होता. आपलीच इमारत घ्या, तिचं संगणकावर हुबेहूब मॉडेल करा आणि त्यातून नवी कल्पना काढा. बाकीच्यांनी गच्चीवर बागा फुलवल्या, काचेचे पूल टाकले. सिद्धीचं घोडं मात्र अडलं होतं. परीक्षकांपुढे काम मांडायची ज्यूरी तोंडावर आली तरी तिला कन्सेप्ट काही सुचेना.

मग तिला तिसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्याच्या टोकाची खोली आठवली. दाराच्या जागी विटा रचून वर गिलावा केलेला. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, मोजमाप घेतानाही सगळ्यांनी ती बाहेरूनच मोजली होती. ही खोली मोकळी केली तर व्हरांडा थेट उजेडात जाऊन उघडेल. इतकं सोपं उत्तर इतके दिवस डोळ्यासमोर होतं! तिने भिंत पुसली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

उरली होती ती माणसं. मॉडेल ओकंबोकं दिसू नये म्हणून त्यात माणसं पेरतात. ती असतात चपटी, फोटोतून कापून काढल्यासारखी. त्यांची कड दिसू नये म्हणून त्यांना एकच शिस्त लावलेली असते. बघणारा जिकडे असेल तिकडे तोंड करायचं. तुम्ही डावीकडे सरका, ती डावीकडे वळतात. पहिल्यांदा बघणारा दचकतो, मग त्याला सवय होते.

सिद्धीलाही सवय होती. म्हणूनच व्हरांड्यातला छत्रीवाला माणूस नुसत्या एका उभ्या रेघेसारखा दिसला तेव्हा ती आधी वैतागली. त्याची कड दिसत होती. म्हणजे तो तिच्याकडे बघत नव्हता. तिने माऊस फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिलं. छत्रीवाला, पुस्तकवाली मुलगी, पाठीवर बॅग घेतलेला पोरगा, सगळे त्या पुसलेल्या भिंतीकडे तोंड करून उभे होते.

त्यांच्या लेखी बघणारा तिथे होता.

"प्रोग्रॅम हँग झाला असेल," ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. मोकळ्या स्टुडिओत तिचाच आवाज तिला परका वाटला. तिने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. या वेळी छत्रीवाला वळलेला होता. मग पुस्तकवाली वळली, मग बॅगवाला. एकापाठोपाठ एक, रस्त्याने जाणाऱ्या माणसावर नजर ठेवावी तसे. कुणीतरी त्या खोलीतून निघून व्हरांड्याने चाललं होतं. स्टुडिओच्या दाराबाहेर तोच खराखुरा व्हरांडा होता, दुपारचं ऊन होतं आणि कसलाही आवाज नव्हता. वास मात्र येत होता. ताज्या गिलाव्याचा, ओल्या चुन्याचा.

फोन वाजला. तिला न्यायला आलेला सुशांतदादा होता.

"सिद्धे, मी खाली उभा आहो. वर येऊन राहिलो."

"नको! दादा, तू तिथेच थांब... मी येते."

"अवं, एवढं ड्रॉइंगचं सामान तू एकटी कशी आणशील? आलोच."

आई-बाबा गेल्यापासून दादाच तिचं सगळं होता. नागपूरची नोकरी सोडून त्याने होसकोट्याच्या कारखान्यात नोकरी धरली ती हिच्या शिक्षणासाठी. इलेक्ट्रॉनिक सिटीजवळच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो रोज हिच्या आधी उठून चहा टाकायचा. या शहरात तिचं म्हणावं असं दुसरं माणूस नव्हतं.

स्क्रीनवर जिन्यातली माणसं वळत होती. खालच्या वळणावरची, मग वरची. दादाच्या चपलांचा आवाज वर येत होता आणि माणसं त्याच्याबरोबर फिरत होती. दार उघडलं. दादा आत आला, हसला, आणि मागे वळून त्याने दार क्षणभर तसंच धरून ठेवलं. आपल्यामागून कुणी येत असलं की धरतो, तसं.

"कोण आहे?" सिद्धीने विचारलं.

"कोण?" दादा म्हणाला.

त्यानंतरच्या आठवड्यात सिद्धीने अभ्यास सोडून एकच काम केलं. ती मॉडेल उघडून बघत बसायची. सगळी माणसं आता इमारतीच्या बाहेर बघत होती, दूर कुठेतरी. दादा घरी असला की त्यांची तोंडं फ्लॅटच्या दिशेला. सकाळी कंपनीच्या बसने तो निघाला की माणसं हळूहळू होसकोट्याकडे वळायची, संध्याकाळी परत. तिने नकाशा ठेवून ताडून पाहिलं. चूक होत नव्हती. जे त्या खोलीतून बाहेर आलं होतं, ते दादाच्या मागे लागलं होतं.

आणि दादा झिजत होता. जेवताना दोन घासांवर उठायचा. सोफ्यावर बसला तर पार कडेला, शेजारी जागा सोडून. त्याच्या शर्टाला ओल्या चुन्याचा वास येत होता. विचारलं तर म्हणायचा, "खांदे जड झाले, बाकी काही नाही." सिद्धी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. भिंत तिने पुसली होती आणि भोगत होता तो.

शेवटी ती सुब्बाराव सरांकडे गेली. सर पिढ्यानपिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातले, त्यांच्या मराठीत कन्नड अशी मिसळलेली की सुटी करता येऊ नये. त्यांनी मॉडेल पाहिलं आणि चष्मा काढला.

"ती खोली कुठे गेली, अम्मा?"

"मी... मोकळी केली, सर."

सर खुर्चीतून उठले. त्यांनी केबिनचं दार लावलं.

"मागे एका विद्यार्थिनीने ती भिंत काढली होती. मी लगेच घालायला लावली, म्हणून निभावलं. या वेळी मी बघितलं नाही, माझं चुकलं." आवाज खाली आला. "ते परत तिथे आलं की भिंत घाल. सरी? कळलं ना? पण घाई नको. स्वल्प थांबायचं. आत कोण आहे ते आधी डोळ्यांनी बघायचं, मग रेघ ओढायची."

"आत काय आहे, सर?"

"मला विचारू नकोस."

तर ते परत आणायचं म्हणजे दादाला आणायचं. सिद्धीने त्याला काहीही सांगितलं नाही. रविवारी, भर दुपारी, "एक माप राहिलं आहे, टेपचं टोक धरायला चल," एवढंच म्हणाली. दादा बिचारा लगेच निघाला.

ती स्टुडिओच्या दाराशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. टेपचं टोक हातात धरून दादा व्हरांड्याने चालू लागला. त्याच्या पाठोपाठ स्क्रीनवरची माणसं वळत होती. छत्रीवाला, पुस्तकवाली, बॅगवाला.

"भिंतीपर्यंत जाऊ का?" दादाने विचारलं.

"हो... अगदी टोकाला."

तिची नजर स्क्रीनवर खिळली होती. माणसांची तोंडं हळूहळू त्या खोलीकडे आली. आली, आणि थांबली. चुन्याचा वास एकदम इतका वाढला की तिला ठसका लागला. आत्ता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. तिने डोळे वर केले नाहीत. एका ओढीत तिने भिंत घातली.

टेप सैल पडला.

"दादा?"

तिने आता मान वर केली. व्हरांड्याच्या टोकाशी बाजूने येणारं ऊन इतकं होतं की काहीच धड दिसेना. मग पावलं वाजली आणि उन्हातून दादा चालत आला, टेप गुंडाळत, हसत. खांदे ताठ, चेहरा टवटवीत. सिद्धीने खाली पाहिलं. मॉडेलमधली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती, जशी बघायला हवी होती तशी. तिने लॅपटॉप मिटला.

घरी पोचल्यावर दादाने दार एका झटक्यात लावून घेतलं. कुणासाठी धरून ठेवलं नाही. किती दिवसांनी तो पोटभर जेवला! भाताच्या पातेल्यात काही उरलं नाही. तो जेवताना तिला रडू फुटलं, आणि असं रडायला तिला फार बरं वाटलं.

मग उद्याच्या ज्यूरीसाठी फाइल तपासायला ती टेबलाशी बसली. माणसं तिच्याकडेच बघत होती. माऊसला तिने हात लावला नव्हता.

दादा हात धुवायला उठला आणि तिच्या खुर्चीमागून गेला.

माणसं डावीकडून उजवीकडे वळली. सगळी, सावकाश.

बेसिनचा नळ वाहिला आणि बंद झाला. दादा पुन्हा तिच्या मागे आला, माणसं पुन्हा वळली, आणि तो जिथे थांबला तिथे थांबली. व्हरांड्याच्या टोकाची भिंत स्क्रीनवर पांढरी सपाट दिसत होती, तिनेच घातलेली, न बघता. तिच्या पलीकडे मग कोण होतं...

बोट तिने डिलीटच्या बटणावर ठेवलं.

"काय करते आहेस, सिद्धी?" अगदी कानाशी आवाज आला.

"काही नाही... ती भिंत जरा..."

"राहू दे ना. छान दिसते आहे." त्याने तिचा हात हळूच उचलून बाजूला ठेवला. आत्ताच धुतलेल्या त्याच्या बोटांवर ओला गिलावा होता.