वळणाची इस्त्री

“टेकव गं, टेकव! फिरवतेस काय पोळी लाटल्यासारखी?”

आत्या ओव्हरलॉक मशीनवरून न उठताच ओरडली आणि किन्नरीने इस्त्री चटकन वर उचलली. डमीवर चढवलेल्या शाळेच्या टी-शर्टातून वाफ निघाली. आत्याच्या कारखान्यात इस्त्री हातात मिळणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मोठ्या मोठ्या बायका वर्षानुवर्षं काजं-बटणंच करत बसल्या होत्या, आणि दहावीतल्या किन्नरी येमूलला मात्र इस्त्रीच्या टेबलावर बढती! ती मनातल्या मनात नाचत होती.

पूर्वी होजिअरीचं कापड शिवताना इस्त्री करायची की नाही, यावर सोलापुरातले शिंपी तासन्‌तास वाद घालायचे. एकजण म्हणायचा, करा, शिवण छान बसते. दुसरा म्हणायचा, अजिबात नको, विणीचं कापड ते, ताणलं जातं आणि काठाला झालर सुटते. मग वळणधागा आला आणि वादच संपला. हा धागा थंड असताना साध्या सुतासारखा वागतो. गरम वाफ लागली, की विणीतला प्रत्येक फासा त्या क्षणी ज्या आकारात असेल तो आकार लक्षात ठेवतो. पुढे टी-शर्ट अंगात घातला, की अंगाच्या उबेने जागा होतो आणि शरीराला त्या आकाराकडे ओढू लागतो. इतकं हळूहळू, की घालणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

शास्त्रज्ञांनी तो पाठीचा कणा वाकलेल्या मुलांसाठी शोधला होता. पण फुकट ताठ होणारं पोर कुणाला नको असतं? शाळांनी गणवेशच त्याचे करून टाकले. पोरांना वळण लावायला आधी आईबापांची जीभ झिजायची. आता काम इस्त्रीवर भागत होतं. लोक दुकानात येऊन सरळ तसंच विचारायचे, “वळणाची इस्त्री मारून मिळेल ना?”

किन्नरीलाही या इस्त्रीनेच सरळ केलं होतं. आठवीपर्यंत ती खांदे पाडून, मान खाली घालून चालायची. आता छाती उघडली, श्वास पोटापर्यंत जायला लागला आणि त्याबरोबर आवाजही सुटला. न्हाणीघरात ती अशी भाषणं ठोकायची, की शेजारचे भिंत वाजवायचे.

पण वक्तृत्व स्पर्धेला शाळेतून एकीचीच निवड व्हायची, आणि ती एकजण ठरलेली होती. ऋजुता बिराजदार.

त्याच आठवड्यात ऋजुता माप द्यायला कारखान्यात आली.

“अय्या कासव, तू इथे?” ती दारातूनच म्हणाली. “पाठीवरचं घर कुठे ठेवून आलीस?”

“दोन्ही हात वर कर,” किन्नरी टेप उलगडत म्हणाली.

“करते की. तू मात्र माझं माप घेताना वाकू नकोस हं, परत अडकशील.” आणि ऋजुताने किन्नरीची जुनी चाल करून दाखवली. खांदे पुढे, हनुवटी छातीला, पाय फरफटत. हुबेहूब! काजं करणाऱ्या बायकासुद्धा हसल्या. आत्याही हसली.

किन्नरीनेही हसून घेतलं. आणि तेव्हाच तिला ती कल्पना सुचली. इतकी सोपी, इतकी सुंदर, की तिच्या अंगावर काटा आला.

टी-शर्ट शिवून झाले त्या संध्याकाळी, बायका घरी आणि आत्या बाजारात गेल्यावर किन्नरीने डमीचे स्क्रू सैल केले. खांदे पुढे ओढले. मान खाली वाकवली. ऋजुताचे टी-शर्ट एकेक करून त्यावर चढवले आणि आत्याने बजावलेलं सगळं उलटं केलं. इस्त्री टेकवली नाही, फिरवली. पाठीवरून लांब लांब, जोर देऊन, म्हणजे मागचे फासे ताणून लांबतील आणि पुढचे आखडून बसतील. वाफ तोंडावर येत होती आणि ती गुणगुणत होती. आपण काहीतरी वाईट करतोय असं तिला वाटलं का? वाटलं. पण मजाही तितकीच वाटली. आणि स्पर्धा झाली की सांगून टाकू, असंही तिने ठरवलं. मीठ घातलेल्या थंड पाण्यात भिजवलं की कापड सगळं विसरतं, हे तिला ठाऊक होतं.

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग ऋजुता सरावाला उभी राहिली की सारखी खांदा चोळू लागली. मग तिचं वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं, कारण बंद छातीत पुरेसा श्वासच मावेना. एके दिवशी तिचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोचला नाही.

“मोठ्याने बोल की!” सर म्हणाले.

“बोलतेय सर,” ऋजुता जमिनीकडे बघत म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते दिसायला कुणालातरी खाली बसावं लागलं असतं.

स्पर्धेला किन्नरीचं नाव गेलं. तिने घरी येऊन गच्चीवर उड्या मारल्या.

आणि शाळेत कुणालाच काही बिघडलंय असं वाटलं नाही. उलट बाई म्हणाल्या, “बिराजदार किती शांत झाली नाही? पूर्वी केवढी आगाऊ होती!” ऋजुता आता वर्गात हात वर करत नव्हती. कुणाला चिडवतही नव्हती. किन्नरीला रोज जिंकल्यासारखं वाटायचं, आणि रोज थोडं कमी वाटायचं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ऋजुताची आई कारखान्यात आली. मागे ऋजुता होती आणि तिचं बोट धरून धाकटी बहीण ओवी. किन्नरीने हातातली इस्त्री बाजूला ठेवली. आता आपलं नाव जाणार, स्पर्धा जाणार, इस्त्री जाणार.

“या की वहिनी, बसा,” आत्या म्हणाली.

“बसायला वेळ नाही. मोठीला तुम्ही शिवून दिलेत ना, तसेच या धाकटीला हवेत. अगदी तीच इस्त्री. घरात सुख आलंय हो! उलटून बोलणं नाही, हट्ट नाही. जाऊबाईंच्या तिन्ही मुलींनाही पाहिजेत. आणि शाळेच्या बाई म्हणत होत्या, पुढच्या वर्षी सगळ्या मुलींना तेच वळण द्या.”

किन्नरीने ऋजुताकडे पाहिलं. आज तिच्या अंगात गणवेश नव्हता. साधा सुती कुर्ता होता. तरीही खांदे तसेच होते, मान तशीच. कापड विसरलं असतं. वाढत्या वयाची हाडं विसरायला तयार नव्हती.

“काकू,” किन्नरी बोलून गेली, “ते वळण चुकीचं आहे. मीच डमी वाकवली होती. मुद्दाम. ती मला कासव म्हणाली म्हणून.”

कारखान्यातल्या सगळ्या मशीन थांबल्या. ऋजुताने डोळे वर केले. फक्त डोळे, कारण मान वर होत नव्हती.

बिराजदार काकू हसल्या.

“मुद्दाम केलंस? मग तर तुझ्या हाताला गुणच आहे म्हणायचा! चुकून झालं असतं तर परत तसंच जमलं नसतं.”

“अहो, पण तिला त्रास होतोय! तिला नीट श्वास घेता येत नाहीये!”

“ती म्हणाली का तसं? काय गं ऋजू, त्रास होतोय?”

ऋजुताचे ओठ हलले. त्यातून काय आलं ते समोर उभ्या असलेल्या किन्नरीलाही ऐकू आलं नाही.

“बघ, काही नाही,” काकू म्हणाल्या.

किन्नरीने आत्याकडे पाहिलं. आत्या रागावेल, थोबाडीत मारेल, काहीतरी करेल. आत्या उठली, डमीजवळ गेली आणि खांद्याचा स्क्रू बोटाने हलवून बघू लागली.

“किती वाकवली होतीस?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. “खूण करून ठेव. आणि उद्या स्पर्धेला खुशाल जा, तोवर मी कापड कापून ठेवते.”

तेवढ्यात ओवी माप द्यायला टेबलाशेजारच्या स्टुलावर चढली. तिने दोन्ही हात पंखांसारखे पसरले, छाती पुढे काढली, मान इतकी वर केली की तिला फक्त छत दिसत असावं. आत्याने टेप किन्नरीच्या हातात दिली होती.

“ताई,” ओवी किन्नरीला सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून म्हणाली, “मी अशी उभी राहिले तर चालेल ना?”