हवेत लटकलेला झेपवीर

कपाटाचं कुलूप शाबूत होतं, काच शाबूत होती, आणि कॉमिकही जागच्या जागी होतं. तरीही सुईबाई काचेपाशी थबकल्या.

या ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करणाऱ्या बाई. गळ्यापाशी सुई कायम खोचलेली, म्हणून सुईबाई. उद्यापासून जुन्या अचाट वीरांच्या कॉमिकचं प्रदर्शन भरणार होतं, आणि मधल्या कपाटात मान होता ‘झेपवीर’च्या पहिल्या अंकाला. बाईंनी महिन्यापूर्वी त्याच्या गंजक्या पिना काढून तो दोऱ्याने शिवला होता. समोरच्या अंकाला पिना होत्या. गंजलेल्या.

त्यांनी मलपृष्ठ पाहिलं. ‘झेपवीर सेनेत भरती व्हा’ हे कूपन तिथे अख्खंच्या अख्खं होतं. ग्रंथालयाच्या अंकातून ते कधीकाळी कुण्या पोराने कापून नेलं होतं. नीट कापलं असतं, तर आतल्या बाजूची गोष्टीची एकच चौकट गेली असती. पण कात्री अशी घसरली होती की शेवटच्या दोन चौकटी गेल्या होत्या.

ग्रंथपालांना कळलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खरा अंक चोरून कोणी तरी नकली ठेवला, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. चावी कोणाकडे? मामांकडे. झालं, खापर फोडायला डोकं सापडलं.

मामा म्हणजे वाचनकक्षाचे शिपाई. एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला दोन महिने उरलेले. चारला विश्वस्त यायचे होते. तोवर लेखी कबुली द्या, नाही तर पोलीस बोलावतो, असं ग्रंथपालांनी बजावलं. दोन्हीकडून नोकरी जाणार आणि निवृत्तिवेतनही. मामांनी कागद घेतला आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले.

बाई त्यांच्याशेजारी टेकल्या.

“चावी कोणाला दिली होती, मामा?”

“कोणाला नाही.”

“शनिवारी अंक कपाटात ठेवल्यावर इथे कोण कोण होतं?”

“मी होतो. सर होते, पाट्या लावत.”

“सरांना दिलीत?”

“नियम नाही तसा, बाई.” मामांनी मान खाली घातली. “सरांनी माझ्या पोरीला दोन वर्षं फुकट शिकवलं. त्यांचं नाव यात कशाला?”

सर म्हणजे प्राध्यापक. जुन्या कॉमिकवरचं एकमेव पुस्तक त्यांचं. बारा वर्षांपूर्वीचं. सकाळपासून ते कोपऱ्यातल्या टेबलावर कागद चाळत होते. एवढा गहजब झाला, तरी त्यांनी ब्र काढला नव्हता. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

त्यांनी तो अंक खिडकीपाशी नेला आणि भिंग लावलं. कागद पिवळा, कडा ठिसूळ. पाचव्या पानावर झेपवीराचा झगा लालचा हिरवा झालेला, कारण त्या दिवशी छापखान्यात लाल शाई संपली होती. वीर तरी कसला, विजारीवर चड्डी घालणारा आणि ओल्या बुटांना घाबरणारा. पण हा हिरवा झगा फक्त पहिल्या छपाईतच सापडतो. म्हणजे अंक नकली नव्हता. अस्सल होता, आणि ग्रंथालयाच्या अंकापेक्षा कितीतरी चांगला.

फाटका नेऊन अख्खा ठेवणारा हा कुठला चोर?

बाईंनी नोंदवही काढली. गेल्या वर्षी रद्दीवाल्याकडून घेतलेला अंक, कूपन कापलेलं, मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला पतंग. मग त्या कपाटावरच्या पाटीशी गेल्या. सरांच्याच पुस्तकातलं वाक्य तिथे उतरवलं होतं: ‘वीर मनोऱ्यावरून उडी घेतो आणि गोष्ट हवेतच संपते. शेवट सुचेना, म्हणून लेखकाने त्याला तसाच लटकवून ठेवला.’

बाईंनी हातातल्या अंकाचं शेवटचं पान उघडलं आणि खालच्या दोन चौकटींवर भिंग धरलं.

साडेतीनला त्यांनी ग्रंथपालांना आणि सरांना मामांच्या बाकापाशी बोलावलं. मामांचा कागद अजून कोरा होता.

“सर, गोष्ट हवेत संपत नाही,” बाई म्हणाल्या. “झेपवीर कुणाच्या तरी वाळत घातलेल्या कपड्यांत पडतो. शेवटच्या चौकटीत त्याला शिंक येते.”

“माझी चूक झाली असेल. अंक मिळत नव्हता, आठवणीवरून लिहिलं.”

“कुठल्या अंकाच्या आठवणीवरून?”

सरांनी हातातले कागद सारखे केले.

“ज्याने अख्खा अंक वाचला त्याला शिंक माहीत असणार. ज्याच्या अंकातून कूपन नीट कापलेलं, त्याची शिंक जाईल, पण वीर कपड्यांत पडलेला दिसेल. वीर हवेत राहतो तो एकाच अंकात. जिथे कात्री घसरली त्यात. तो आमच्याकडे आला गेल्या वर्षी. तुम्ही हे लिहिलंत बारा वर्षांपूर्वी. म्हणजे तो अंक त्याआधी, बहुधा लहानपणी, तुमच्या घरात होता. शनिवारी पाट्या लावताना मामांकडून चावी घेतलीत, आणि तो घेऊन गेलात.”

सरांनी चष्मा काढला.

“माझ्या अक्काचा,” ते म्हणाले. “पतंग तिने काढलाय. मी सहा वर्षांचा होतो, वाचता येत नव्हतं. ती मोठ्याने वाचायची. मनोऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, उरलेलं उद्या. मला सेनेत जायचं होतं. दुपारी मी कूपन कापलं.”

“आणि?”

“अण्णांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं, कोणी कापलं. मी मूग गिळून बसलो. कात्री अक्काच्या डब्यातली होती. त्यांनी तिला फोडून काढलं, तिची सगळी पुस्तकं रद्दीत घातली. तिने परत कधी पुस्तक मागितलं नाही.”

अक्का आता दवाखान्यात होती, दिवस मोजत. सरांनी आयुष्यभराचा संग्रह देऊन हा अख्खा अंक मिळवला होता आणि गेल्या आठवड्यात तिला शेवट वाचून दाखवला होता. ती हसली, आणि म्हणाली, हे आपलं नाही रे. मग प्रदर्शनाच्या कपाटात त्यांना पतंग दिसला. आता तो अंक अक्काच्या उशाशी होता.

“मागितला असतात, तर अदलाबदल आनंदाने केली असती आम्ही,” ग्रंथपाल म्हणाले.

“कारण सांगावं लागलं असतं.”

“म्हणून सकाळपासून मामांना या बाकावर बसू दिलंत?” सुईबाईंचा आवाज चढला. त्यांना संताप आवरत नव्हता. “तेव्हा अक्का, आज मामा. तुमच्या वाटचं दुसऱ्यांनीच किती दिवस सोसायचं?”

सरांचे डोळे भरून आले. ते मामांपुढे हात जोडून उभे राहिले. ग्रंथपालांनी खाली बघत मामांच्या हातातला कागद काढून घेतला आणि फाडला.

मामा हळूच उठले. “अक्कांना सांगितलंत, सर? कापलं कोणी ते?”

“नाही. तिला वाटतं, बाजारात सापडला.”

“मग इथे कशाला उभे आहात? माझं काय, मला कळलं. दवाखान्याची भेटायची वेळ पाचला संपते.”

सर निघाले. जिन्यावर त्यांची पावलं आधी अडखळली, मग भरभर खाली गेली.

बाईंनी अख्खा अंक कपाटात ठेवला आणि पाटीवरच्या ओळीवर रेघ मारली. खाली बारीक अक्षरात लिहिलं: ‘शेवटी वीर खाली उतरतो.’ मामांनी ते वाचलं आणि कपाटाला कुलूप लावलं.