दुसरा पिस्टन

पहिल्याच भेटीत त्याने मला माझं वजन विचारलं.

मी तेव्हा त्याच्या गॅरेजसमोर, भुरभुर पावसात, आत्याच्या जुन्या मोटारसायकलला किक मारत होते. ती सुरू होत नव्हती आणि मी थांबत नव्हते. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच फेसात सोडून बघायला बाहेर आला होता. मागोमाग तो गालही आला. तेवढ्यात गॅरेजमधून एक उंच, तेलकट माणूस आला, माझ्या उजव्या पायाकडे फार गंभीरपणे बघत राहिला आणि म्हणाला, "वजन किती?"

"गाडीचं?"

"तुमचं."

मी सांगितलं. तेही खरं — का, ते मला अजून कळलेलं नाही.

त्याचं म्हणणं असं होतं की किक मारायची नसते, किकवर उभं राहायचं असतं. आणि माझं जेवढं वजन आहे तेवढ्यात या इंजिनाचं भागायला हवं, म्हणजे दोष माझा नाही, कार्बोरेटरचा आहे. इतक्या आदराने माझ्या वजनाबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं.

गल्लीत त्याला सगळे 'उद्या' म्हणत. गाडी कधी मिळेल याचं त्याच्याकडे तेवढं एकच उत्तर होतं. "उद्या आज जेवायला गेलाय," असं न्हावी गिऱ्हाइकांना सांगायचा आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

आत्याने ती गाडी आयुष्यभर चालवली. ती शाळेत गणित शिकवायची आणि उतारावर ब्रेक लावायची नाही. ती रस्त्यावरच जाणार, असं सगळं घर धरून बसलं होतं. गेली मात्र साध्या तापाने, अंथरुणात. गाडी माझ्या नावावर ठेवून गेली. बाबांनी ती विकायला एक गिऱ्हाईकही आणलं होतं. ते गाडीवर बसलं, गाडीसकट आडवं झालं आणि चहा न घेता गेलं.

मला डोंगरावरच्या हवामान केंद्रात नोकरी लागली होती. बस अर्ध्या वाटेपर्यंतच जाते. पुढचा चढ असा, की तिथे बकऱ्यासुद्धा विचार करून पाय टाकतात. एक फेरी करून पाहिली, तर सामानासकट गाडी मध्येच दमली आणि इंजिन तापून बंद पडलं. बाबांनी निकाल दिला, ही गाडी त्या चढावर गेली तर तूही जा, नाहीतर दोघी घरी बसा.

म्हणून मला इंजिनाची ताकद वाढवायची होती. मी सगळं वाचून गेले होते. सिलिंडर मोठा करायचा, कार्बोरेटर मोठा, कॅमशाफ्ट नवा, तेलाचा पंप जास्त दमाचा, आणि पिस्टन शर्यतीच्या गाडीत घालतात तो, हवा जास्तीत जास्त दाबणारा.

बाकी सगळं त्याने मान्य केलं. पिस्टनला मात्र तो नाही म्हणाला. त्या दाबाला किक उलटी येते आणि घोटा जायबंदी होतो, असं त्याचं म्हणणं. पूर्वी त्याने एकाला तसं इंजिन बांधून दिलं होतं. ते फक्त याच्याच पायाने सुरू व्हायचं. तो माणूस पुढे रोज सकाळी गाडी ढकलत यायचा, हा सुरू करून द्यायचा, मग तो कामावर जायचा.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. बदली होईपर्यंत." मग म्हणाला, "मला तो माणूस आवडायचा नाही."

मी रोज संध्याकाळी जायला लागले. उलट्या घातलेल्या डब्यावर बसून जुन्या भागांवरची काजळी खरवडायचे. इंजिनात डोकं घातलं की तो न बघता हात मागे करायचा आणि मी त्यात पाना ठेवायचे. एकदा पाना सापडेना, म्हणून मी आपला हातच ठेवला. त्याने तो नटाला लावून पाहिला नाही, एवढंच. थोडा वेळ धरून ठेवला... मग म्हणाला, "चौदाचा हवा होता."

हजर व्हायची तारीख जवळ येत होती. भाग सगळे येऊन पडले होते, इंजिन जोडूनही झालं होतं असं न्हावी म्हणाला, आणि तरी तो मला उद्या, उद्याच करत राहिला. मी आरडाओरडा करायला हवा होता. पण मी घरी जाऊन मनात म्हणायचे, एखादा नट हरवू दे... एखादा छोटासाच. आत्या असती तर तिने माझ्याकडे, फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिणाऱ्या मुलीकडे बघावं तसं बघितलं असतं.

शेवटी त्याने गाडी बाहेर काढली. हँडलवर एक बारीकशी कळ बसवली होती. ती दाबली की सिलिंडरमधला दाब क्षणभर सुटायचा आणि किक अलगद खाली जायची. मी कळ दाबली, किकवर उभी राहिले. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. पूर्वी ती खोकायची. आता तिचा ठोका खोल आणि संथ होता.

मग तो मला शिकवू लागला. तेल कसं बघायचं, इंजिनाच्या डोक्याचे बोल्ट पहिल्या प्रवासानंतर कोणत्या क्रमाने आवळायचे, पहिले काही दिवस कसं सावकाश चालवायचं. पाने एका फडक्यात गुंडाळून दिले आणि म्हणाला, "वर तुम्हाला कोणाची गरज लागणार नाही."

मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी गाडी बंद केली.

"तू इतका हुशार आहेस," मी म्हणाले, "तर मला परत यावं लागेल असं एक तरी काम बाकी ठेवता आलं नाही तुला?"

आजवर मी त्याला 'तुम्ही'च म्हणत आले होते. न्हाव्याची कात्री थांबली.

तो खाली बघत बोटं पुसत राहिला. "ठेवलं होतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"शर्यतीचा पिस्टन बसवला होता. तुम्ही मागितलेलाच. पूर्ण इंजिन जोडलं. मी एकदा सुरू करून पाहिलं आणि... बरं वाटलं. म्हटलं, आता रोज यावं लागेल. मग तुम्ही वर, एकट्या, धुक्यात किक मारताय असं डोळ्यांसमोर आलं. सगळं परत खोललं, दुसरा घातला. उशीर त्याने झाला. माफ करा."

मी गाडीला टेकून उभी होते. आयुष्यात माझ्यासाठी कोणी काही खोललं नव्हतं आणि कोणी काही परत जोडलं नव्हतं. मी किक मारली आणि घरी गेले. जाताना रडले; पण गाडी सावकाश चालवली.

गाडी त्या चढावर गेली. बाबा पायथ्याशी उभे राहून शेवटच्या वळणापर्यंत बघत होते. मग म्हणे, घरी जाऊन त्यांनी आत्याच्या फोटोला, "जिंकलीस," एवढंच सांगितलं.

वर धुकं होतं, वारा होता आणि पाऊस मोजायचं भांडं होतं. बोल्ट मी आवळले, ठरल्या क्रमाने. सगळं नीट चाललं होतं. इतकं नीट, की रात्री झोप यायची नाही.

पहिल्या सुट्टीला मी खाली उतरले आणि गाडी गॅरेजसमोर उभी केली. तो धावतच बाहेर आला, इंजिनाला कान लावला, खाली वाकून तेल गळतंय का पाहिलं, केबल ओढून पाहिली.

"आवाज येतोय का कुठे?"

"नाही."

"तापते?"

"नाही."

"किक?"

"पहिल्या फटक्यात."

तो जमिनीवर गुडघा टेकून तसाच बसून राहिला. वर माझ्याकडे बघायची त्याची तयारी नव्हती. "मग काय झालंय?" त्याने हळूच विचारलं.

"गाडीला काही झालेलं नाही," मी म्हणाले.

तो उठला. मग मी सीटवर जरा पुढे सरकले. तो मागे बसला, अवघडून, दोन्ही हात हवेत धरून. आयुष्यभर गाड्या बांधल्या, पण कोणाच्या मागे तो कधी बसला नव्हता.

"कुठे धरू?" त्याने विचारलं.

"मला," मी म्हणाले, आणि गाडी चढाच्या दिशेला वळवली.