खरवडलेल्या शब्दाची माती

मिरजोळ्याच्या तिठ्यावर माझ्या आजोबांच्या नावाचा जांभ्याचा चिरा आहे: ‘कॉम्रेड भागोजी’. आजोबांनी इंग्रजांचा तुरुंग भोगला आणि सुटून आल्यावर खोतांविरुद्ध कुळं उभी केली. त्याच खोतांचा पणतू हर्षद यंदा निवडणुकीला उभा आहे. त्याला चिऱ्यावर देशभक्त हवा होता, कॉम्रेड नको होता.

“समीक्षाताई, एक शब्द तर काढायचाय,” तो म्हणाला. “गुरव चिऱ्यापुढे गाऱ्हाणं घालेल, तेवढ्याला या. घरच्यांनी होकार दिला की झालं.”

“येईन. होकार देणार नाही.”

तो गोड हसला. मला शिसारी आली. मी गप्प राहिले तर गाव तो शब्द जाऊ देणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

गाऱ्हाण्याच्या दिवशी मी तिठ्यावर पोचले तेव्हा छिन्नीने शब्द खरवडूनही झाला होता. होकाराआधीच! हर्षदने मोबाइलसमोर उभं राहून उरलेली लाल भुकटी फुंकली. मग चहाचा घोट घेतला आणि थुंकला. थुंकी लाल होती. हा माणूस पान खात नाही. मी रसायनशास्त्र शिकवते. भुकटी तोंडात गेली असणार, म्हटलं.

त्याने चूळ भरली. लाल. पुन्हा भरली, तर आणखी दाट. ओठांच्या कोपऱ्यांतून गाळ ओघळून पांढऱ्या सदऱ्यावर उतरत होता आणि कार्यकर्ते मुकाट रुमाल पुरवत होते. एकालाही ओकारी कशी येत नव्हती, कोण जाणे.

रघू गुरवाने नारळ धरून गाऱ्हाणं सुरू केलं. तेही देव न मानणाऱ्या माझ्या आजोबांना!

“बा भागोजी, आज तुला देशभक्त म्हनून बसवताव. चूकभूल पोटात घाल रं म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” लोक ओरडले. हर्षदच्या तोंडातून नुसता मातीचा गोळा पडला.

“तुज्या घरची मान्सा राजी हायत रं म्हाराजा!”

सगळे माझ्याकडे बघत राहिले.

लहानपणापासून शिमग्यात, जत्रेत, प्रत्येक गाऱ्हाण्याला हेच दोन शब्द म्हणत आले आहे.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणून गेले.

नारळ फुटला.

हर्षदने तोंड पुसलं. रुमाल स्वच्छ राहिला.

“थँक्यू, ताई,” तो मोकळ्या आवाजात म्हणाला.

त्याला काहीतरी सुनवायला मी तोंड उघडलं. दाताखाली कचकन माती लागली.